शिडीची वरची पायरी

सरांच्या निरोपाच्या कार्यक्रमाला आता सहा दिवस उरले होते, आणि हा त्यांचा चौथा निरोप होता. पहिला निरोप त्यांनी पासष्टीला घेतला, तेव्हा सभागृहातले लोक रडले होते. दुसऱ्या वेळी जरा कमी रडले. तिसऱ्या वेळी लोकांनी रुमाल घरीच ठेवले आणि बाहेर पडताना "पुढच्या वेळी जागा आधी धरू" असं म्हणत जिना उतरले. या खेपेला मात्र मोठ्या मुलाने, म्हणजे दादाने, पोस्टर छापून घेतलं होतं. सरांचा डावीकडून काढलेला फोटो, मानेवरचा व्हायोलिनचा घट्टा ठसठशीत दिसेल असा, आणि खाली सरांचं प्रत्येक मुलाखतीतलं ठरलेलं वाक्य: 'साठ वर्षं रंगमंचावर, आणि आजही विद्यार्थीच!' पोस्टर शहरभर लागलं होतं. त्यामुळे या वेळी निरोप घेणं भागच होतं.

घरात त्यांना सगळे सरच म्हणायचे. मुलांनी लहानपणी एक-दोनदा 'बाबा' म्हणून पाहिलं होतं, पण त्या हाकेला ओ येत नसे. आई होती तोवर तीही 'सर' म्हणायची, पण तिच्या तोंडी तो शब्द निराळा वाटायचा. तिला स्वरलिपीतलं अक्षर वाचता येत नव्हतं, पण कढईत उलथणं फिरवता फिरवता ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "सर, कमी लागला!" आणि सर निमूटपणे सूर वर घ्यायचे. आई गेल्याला सात वर्षं झाली होती.

त्याच स्वयंपाकघरात रविवारी दुपारी तीन वाजता दादाने बैठक बोलावली होती. सर आतल्या खोलीत वामकुक्षी घेत होते, आणि दार लोटून घेतलेलं होतं. ओट्याला टेकून दादा उभा, स्टुलावर वहिनी, टेबलाशी आत्या तिच्या चहासकट, आणि धाकटी नेहमीप्रमाणे दारात, कारण चौथी खुर्ची संगीताच्या खोलीत नेऊन ठेवलेली होती. धाकटी आता सेहेचाळीस वर्षांची होती. पण या घरात धाकटेपणाला मुदत नव्हती.

"शुक्रवारी काय झालं ते तुला कळलंच असेल," दादा म्हणाला.

"मला कोण सांगणार? मी वर्गावर होते."

"वाद्यवृंदाबरोबर पहिली तालीम होती. शिडी आली, आणि..." दादाने हात वर नेला आणि मध्येच सोडून दिला.

शिडी म्हणजे सर दर निरोपाला वाजवत त्या तीन भागांच्या रचनेच्या तिसऱ्या भागातली ती जागा, जिथे व्हायोलिन एकट्याने सोळा सूर चढत वर जातं आणि शेवटचा, सगळ्यांत उंच सूर करंगळीने धरायचा असतो. सरांच्या सगळ्या पिढ्यांचे विद्यार्थी तिला शिडीच म्हणत. गेली दोन वर्षं सरांची करंगळी वरच्या पायरीवर पोचत नव्हती. ती अर्धी पायरी खालीच टेकायची, आणि सूर उतरलेला यायचा. सरांना तो ऐकू येत नसे, कारण इतके उंच सूर त्यांच्या कानांनी कधीच सोडून दिले होते. बाकीच्यांनाही तो ऐकू येत नसे, कारण बरोबर त्या क्षणाला आत्या पियानोवर दोन्ही हातांनी असा काही दणका मारायची, की खिडकीची तावदानं थरथरायची.

हा दणका मूळ रचनेत कुठेही नव्हता. पण सरांच्या कार्यक्रमात असतो म्हटल्यावर तो पसरला. मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीने परीक्षेत साथीदाराकडून तो मुद्दाम वाजवून घेतला, आणि परीक्षकांनी 'गुरूंच्या शैलीची उत्तम जाण' असा शेरा मारून तिला पहिली काढली.

"वाद्यवृंदात पियानो नाही," वहिनी म्हणाली. "सगळे त्या जागी गप्प असतात. साठ माणसं गप्प, आणि सर एकटे. लोक आपापल्या बुटांकडे बघायला लागले म्हणे."

"वाद्यवृंदाच्या संचालकाचा फोन आला होता," दादा म्हणाला. "पोरगेलासा आहे, पण सभ्य आहे. म्हणाला, तो भाग वगळता आला तर बघा. मी म्हटलं, अहो, लोक तोच भाग ऐकायला येतात."

"मग मला न्या," आत्या म्हणाली. "पियानो एका कोपऱ्यात ठेवा. मी मारते दणका."

"आत्या, तिथं तसं चालत नाही गं."

"दोन वर्षं चाललं ते?"

दादाने तिकडे लक्ष दिलं नाही. त्याचं लक्ष धाकटीवर होतं, आणि आवाजात मध होता. वहिनीनेही स्टूल जरा पुढे ओढलं. वहिनी धाकटीला एरवी नावाने हाक मारायची. 'वन्सं' म्हणायची ते फक्त काम असलं की.

"वन्सं," वहिनी म्हणाली, "तुम्ही ऐकून तर घ्या."

बेत साधा होता आणि दादाने तो दोन रात्रीत पक्का केला होता. सभागृहात माईक असणारच होते. शिडी सुरू झाली की साउंडवाला सरांचा माईक बंद करणार. रंगमंचाच्या मागे, पडद्याआड, दुसरा माईक आणि दुसरी खुर्ची. त्या खुर्चीवर धाकटी. तालाची चार मापं वाजवायची, की झालं. समोर सर गज ओढताना दिसतील, कानावर मात्र खरा सूर येईल. सरांना पत्ता लागणार नाही, लोकांना लागणार नाही.

"साउंडवाल्याशी बोललोय मी," दादा म्हणाला. "तो म्हणाला, यात नवीन काही नाही."

"आणि सरांना नाही सांगायचं?"

"सांगायचं कुणी? तू सांगतेस?"

दादा एक पाऊल पुढे आला आणि त्याने ठेवणीतला पत्ता टाकला. विद्यालयातली सरांची विभागप्रमुखाची जागा रिकामी होती. सर पुढचा प्रमुख कार्यक्रमानंतर रंगमंचावरून जाहीर करणार होते, आणि विद्यालयाच्या मंडळाने त्यांच्या पत्रावर डोळे मिटून शिक्कामोर्तब करायचं कबूल केलं होतं. पत्राचा मसुदा दादा लिहीत होता. नेहमी तोच लिहायचा.

"त्या पत्रात तुझं नाव येईल," दादा म्हणाला. "बावीस वर्षं तात्पुरती शिक्षिका म्हणून काढलीस. आता बास की."

खरं तर याच वाक्याची धाकटी बावीस वर्षं वाट पाहत होती. विद्यालयात सरांच्या नावावर प्रवेश घेतलेली मुलं पहिल्या महिन्यातच तिच्याकडे यायची आणि 'ताई, ताई' करत शेवटपर्यंत तिच्याकडेच शिकायची. सर वर्षातून दोनदा वर्गात डोकावायचे आणि फोटो काढून घ्यायचे. पेपरात विद्यार्थी सरांचे असायचे. आणि आता ती जागा तिला मिळत होती, पण अंधारात, पडद्याच्या मागे बसून. तिला वाईट वाटलं ते पडद्याचं नाही. हा बेत ऐकताना आपल्या मनाने क्षणभर 'हो' म्हणून टाकलं, याचं वाटलं.

"हिला काय विचारता," आत्या कप बशीवर आदळत म्हणाली. "मला विचारा. साठ वर्षं मी त्याच्या मागे वाजवलं, तेही प्रकाशात बसून. मला कुणी फूल दिलं नाही."

"आत्या, हळू! सर उठतील."

सर उठलेच होते. आतून खाकरणं ऐकू आलं, आणि बैठक जशी भरली होती तशी उठून तालमीसाठी संगीताच्या खोलीत गेली.

तिथे दाराखाली आवाज बाहेर जाऊ नये म्हणून जाड पट्टी ठोकलेली होती. भिंतीवर सरांचे एकोणचाळीस फोटो होते, सगळे डावीकडून. खिडकीशी हवेतला ओलावा मोजायचं यंत्र, कपाटात तारांची पाकिटं, आणि सगळ्यांवर राळेची पांढरी भुकटी. मध्यभागी सरांचा स्टँड, आणि स्टँडच्या कडेला ती लाल पेन्सिल, झिजून बोटाएवढी उरलेली.

त्या पेन्सिलीला तीन पिढ्या चळाचळा कापत होत्या. सर शिकवताना 'चूक' हा शब्द कधी उच्चारत नसत. चुकलं की ते पेन्सिल स्टँडवर एकदा वाजवत. टक. मग विद्यार्थ्याने काही न विचारता ते माप पुन्हा सुरुवातीपासून घ्यायचं. तरी चुकलं, तर पुन्हा टक. तिसऱ्या टकनंतर मात्र वाजवणं संपलं. तारा पुसायच्या, गज सैल करायचा, पेटी बंद करायची, आणि ताठ उभं राहून विचारायचं, "सर, पुढच्या वेळी कधी येऊ?" रडायचं असेल तर बाहेर जिन्यात. ही पद्धत सरांनी शोधलेली नव्हती. त्यांच्या गुरूंनी ती त्यांच्यावर दहा वर्षं वापरली होती, आणि ती अंगात इतकी मुरली होती, की शेजारच्या कारखान्यात हातोडा वाजला तरी सर बोलता बोलता थांबायचे.

धाकटीला तिसरी टक एकोणिसाव्या वर्षी मिळाली होती, तिच्या पहिल्या एकल कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी, आणि तीही शिडीवरच. तिने पेटी बंद करून विचारलं होतं, कधी येऊ. सर म्हणाले होते, "तू शिकव. वाजवायला लोक आहेत." ती त्यानंतर रंगमंचावर गेली नव्हती.

सर आले. सदऱ्याची वरची गुंडी उघडी, मानेवरचा घट्टा बाहेर. त्यांनी खांद्यावर रुमाल टाकला, व्हायोलिन लावलं, आणि आत्याकडे मान हलवली. "अक्का, तिसऱ्या भागापासून."

ते वाजवू लागले, आणि नेहमीप्रमाणे पहिल्या दोन मिनिटांत धाकटीचा सगळा राग विरघळला. गजाचा तो जाड, गोल आवाज अजून शाबूत होता. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही त्यांचं मनगट कापत नव्हतं. तिला वाटलं, कुठल्याही मुलीला अशा माणसाचा अभिमानच वाटेल. तिलाही वाटत होता, आणि त्यामुळेच सगळं अवघड होतं.

शिडी आली. सर चढू लागले. दादाने सवयीने डोळे मिटून घेतले, वहिनीने खुर्चीचा हात धरला. चौदा, पंधरा. आत्याने दोन्ही हात वर उचलले, आणि ते मांडीवर ठेवले.

दणका आला नाही. खोलीत एकटा, उतरलेला सूर तरंगत राहिला, लांबच लांब, कारण तो सूर सर नेहमी प्रेमाने लांबवत असत. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मग ते पुढचा भाग वाजवून मोकळे झाले आणि रुमालाने कपाळ पुसलं.

"अक्का, एके ठिकाणी साथ सुटली तुझी."

"सोडली," आत्या म्हणाली.

"असो. कानफेरी."

कानफेरी ही या घरची रीत. घरात तालीम झाली की प्रत्येकाने आपल्या कानाला काय वाटलं ते सांगायचं, धाकट्यापासून मोठ्यापर्यंत, म्हणजे मोठ्यांचं ऐकून कुणी मत बदलू नये. रीत अतिशय निर्भीड होती. आई गेल्यापासून मात्र तिच्यात फक्त हवामान, खुर्ची आणि खिडकी यांच्याविषयी बोललं जायचं. दादाची मुलं परगावी शिकत होती आणि त्यांनी तारांचं वाद्य न शिकण्याची खबरदारी घेतली होती, त्यामुळे सुरुवात नेहमी धाकटीपासून.

"बोल," सर म्हणाले.

धाकटीने तोंड उघडलं. दादाच्या भुवया कपाळावर चढल्या आणि तिथेच थांबल्या.

"हवेत आज ओलावा जास्त आहे," वहिनी मध्येच म्हणाली. "तारांना बाधतो."

"तुझी पाळी नाही," सर म्हणाले. "धाकटीची आहे."

"सर," धाकटी म्हणाली, "शिडी पुन्हा एकदा घ्याल? एकट्यानेच."

"आवडली वाटतं!" सर खूश झाले. त्यांनी व्हायोलिन उचललं.

ती उठून स्टँडपाशी गेली, पानं धरायला जावं तशी. सर चढत गेले, वरच्या पायरीपाशी आले, करंगळी टेकली. धाकटीने लाल पेन्सिल उचलली.

टक.

आवाज अगदी लहान होता. पण दादा असा दचकला की त्याची खुर्ची मागे सरकली. सरांचा गज हवेत थांबला. त्यांनी वर पाहिलं नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या माणसाने, ज्याला टाळ्यांशिवाय दुसरा कुठलाही आवाज गेली सात वर्षं कुणी ऐकवला नव्हता, मुकाट्याने माप सुरुवातीपासून घेतलं.

करंगळी टेकली. तिला दिसत होतं, बोटाचं पेर सुजलं होतं आणि त्याखाली तारेचा खड्डा पडला होता.

टक.

"अगं, काय चाललंय काय!" वहिनी उठून उभी राहिली. "त्यांचं वय बघ, शनिवारचा कार्यक्रम बघ!"

"बस खाली," आत्या म्हणाली. "शिकवणी चालू आहे."

धाकटीने पेन्सिल खाली ठेवली नाही. तिला पत्र दिसत होतं, दादाच्या अक्षरातलं, त्यात आता दुसऱ्या कुणाचं तरी नाव. तिला पडद्यामागची खुर्चीही दिसत होती, आणि ती किती सोपी आहे हेही. सरांनी या वेळी चढायला सुरुवात करण्याआधी करंगळी दोनदा उघडमीट केली, अगदी तिच्या वर्गातली आठ वर्षांची मुलं करतात तशी, आणि तिला भडभडून आलं. तिला वाटलं, या वेळी लागू दे. मनापासून वाटलं.

सर चढले. चौदा, पंधरा, सोळा.

ती थांबली. कुणालाही चालला असता असा तो सूर होता. पण सरांना चालला नसता, निदान ज्या सरांकडे ती शिकली होती त्यांना.

टक.

सरांनी व्हायोलिन खाली घेतलं. खांद्यावरच्या रुमालाने तारा पुसल्या, एकेक, वरपासून खालपर्यंत. गजाचा स्क्रू फिरवून तो सैल केला. व्हायोलिन पेटीत ठेवलं, त्यावर मखमली कापड, आणि पेटीचे दोन्ही खटके लावले.

"किती दिवस?" त्यांनी पेटीकडे बघतच विचारलं.

"दोन वर्षं," धाकटी म्हणाली.

"आणि सगळ्यांना माहीत होतं."

"मी झाकत होते," आत्या म्हणाली. "चुकलं माझं. तुझी बायको असती तर दोन वर्षांपूर्वीच ओरडली असती."

सर भिंतीकडे वळले. एकोणचाळीस फोटोंमधून त्यांनी कुठला पाहिला ते कळलं नाही. दादाला मात्र आता धीर धरवेना.

"सर, शनिवारचं काय करायचं? सगळं ठरलंय. सभागृह, वाद्यवृंद, पत्र, पोस्टर..."

"पत्र मी लिहीन. माझ्या हाताने," सर म्हणाले. मग धाकटीकडे बघून, "शनिवारी काय वाजवू?"

हा प्रश्न त्यांनी आजवर कुणालाही विचारलेला नव्हता. पण समोर विद्यार्थी उभा असला की धाकटीला उत्तर सुचायचंच, तशी सवय होती.

"दुसरा भाग. संथ आहे, आणि त्यात करंगळीचं काम नाही. तो तुमच्यासारखा अजून कुणी वाजवत नाही."

"आणि तिसरा?"

"तिसरा मी वाजवीन," ती म्हणाली, आणि आपलंच बोलणं ऐकून घाबरली. "पडद्यामागून नाही. समोर, उभी राहून."

"पडद्यामागून?" सरांनी विचारलं.

दादा खिडकीशी जाऊन ओलावा मोजायचं यंत्र फार बारकाईने वाचू लागला.

"शिडी येते तुला?" सर म्हणाले. "एकोणीस वर्षांची असताना येत नव्हती."

"तेव्हा येत नव्हती. त्यानंतर बावीस वर्षं रोज शिकवलीय."

सरांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कुणालाच नक्की कळलं नाही.

"पण पोस्टर?" वहिनी रडकुंडीला आली होती. "शहरभर लागलंय, त्याचं काय? आता काय छापायचं?"

"काही छापू नका," आत्या पियानोचं झाकण लावत म्हणाली. "आहे ते राहू द्या. त्यावर लिहिलेलं आजच खरं झालंय."

सरांनी पेटी उचलली आणि डाव्या हातात धरली. मग ते धाकटीसमोर ताठ उभे राहिले, टाचा जुळवून, साठ-पासष्ट वर्षांपूर्वी कुठल्या तरी दुसऱ्या खोलीत उभे राहत असतील तसे. त्यांनी घसा साफ केला. बोलावं की नाही, असा त्यांचा चेहरा झाला, आणि मग ते विद्यालयातली सगळी मुलं म्हणतात तसंच म्हणाले.

"ताई, पुढच्या वेळी कधी येऊ?"

रडायचं असेल तर बाहेर जिन्यात, हा नियम शिकवणाऱ्यालाही लागू असावा असं धाकटीला वाटलं, म्हणून तिने आवाज सांभाळला.

"मंगळवारी, सकाळी आठला. आणि नखं कापून या."

सरांनी पेटी उजव्या हातात घेतली, डावा हात खिडकीच्या उजेडात धरला आणि बोटं एकेक करून पाहिली.

"वाढलीत खरी," ते म्हणाले.